सुईखालचं शिवण

इब्राहिमिया, अलेक्झांड्रिया
१ मार्च १९९८

रतिबा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील आणि कदाचित न उघडताच कपाटात टाकशील. टाक. पण उघडलंसच तर बातमी पहिल्याच ओळीत मिळावी म्हणून लिहिते: घर राहिलं. गेल्या मंगळवारी निकाल लागला, तुझ्या भावाचा दावा फेटाळला.

पत्ता मी शहाता वाण्याकडून मिळवला. तुझं सामान दमन्हूरला तुझ्या मावसबहिणीकडे त्याच्याच गाडीनं गेलं ना. आधी म्हणाला, "मला काही माहीत नाही, सित्त इन्शिराह, मी फक्त साबण विकतो." मग अर्धा किलो चीज घेतलं तेव्हा आठवलं.

निकाल माझ्या वकिलांनी, उस्ताज लमईंनी, मला त्यांच्या कचेरीत वाचून दाखवला. वकिलाची भाषा, निम्मी डोक्यावरून गेली. जे कळलं ते असं. तुझ्या भावाचं, घरमालक बहगतचं म्हणणं, करार माझ्या आईच्या नावावर होता, आई वारली, करार संपला. मी मुलगी खरी, पण आईजवळ राहत नव्हते, सिदी बिश्रला नवऱ्याच्या घरी राहत होते. पुरावा कोणता, तर माझं ओळखपत्र. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली, ते घर सावत्र मुलाच्या हवाली करून मी आईकडे परत आले, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण पत्ता बदलायच्या रांगेत मी एकदाही उभी राहिले नाही. दर वर्षी म्हणायची, उन्हाळा सरू दे, मग जाते. बारा उन्हाळे सरले.

कोर्टानं म्हटलंय, मुलगी शेवटपर्यंत आईच्या घरात राहत होती, म्हणून जुनाच करार तिच्या नावानं पुढे चालेल. घर माझंच राहिलं, आणि तेही त्याच भाड्यानं, ज्यात आज बहगतचा एक वेळचा मासा येत नाही. त्याची चीड मला कळते. खरंच कळते.

लमईंनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सित्त इन्शिराह, मी तुमच्या बाजूनं पाच साक्षीदार उभे केले. त्यातल्या एकाचंही नाव निकालात नाही. जिचं नाव तीनदा आलंय, तिला समोरच्यांनी आणलं होतं."

ते नाव तुझं आहे. तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. शिवून देता आलं असतं तर दिलं असतं. या घराच्या प्रत्येक दारातून मी आत जाते तेव्हा मनात तुझं नाव घेते, आणि घराला दारं पाच आहेत, म्हणजे दिवसभर माझं तेच चाललेलं असतं.

आई गेली त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही.

तुझी तब्येत कशी आहे? दमन्हूरच्या दमट हवेत तुझे सांधे कसे आहेत?

इन्शिराह


१६ मार्च १९९८

रतिबा,

उत्तर नाही. हरकत नाही. मी तुझ्या जागी असते तर पाकीट चुलीत घातलं असतं, आणि चूल कोणती ते पत्र लिहून कळवलंही असतं.

आज टोपलीबद्दल लिहायचं ठरवलंय. ते लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही.

तिसऱ्या मजल्यावरून आमची टोपली खाली सोडायची ती तुझ्या पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोरून जायची. माझ्या आईच्या काळापासून. शहाता खाली मदम्मसच्या उसळीची वाटी, रोट्या, लिंबं ठेवायचा, मी दोरी ओढायची आणि टोपली तुझ्या खिडकीशी आली की हळू करायची. तू हात बाहेर काढून काहीतरी टाकायचीस. पुदिन्याची काडी, भरलेलं वांगं, एकदा शाळेतल्या मुलींच्या तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा, "वाच, हस आणि परत पाठव" अशी चिठ्ठी लावून. आई विचारायची, "आज रतिबानं काय दिलं?" बाजारहाट काय आला ते ती नंतर विचारायची.

मग दाव्याची नोटीस आली. कोर्टाचा माणूस जिन्यात उभा राहून वाचत होता आणि त्यात लिहिलं होतं की आई मेली तेव्हा मी घरात नव्हते. ही गोष्ट इमारतीत दोनच माणसांना ठाऊक होती. मला आणि तुला.

मी जिन्यातच तोंड सोडलं. तू दारामागे होतीस, तुझ्या चपला मला फटीतून दिसत होत्या. मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल, तुझं पाठांतर आधीपासून चांगलं. "मालकाचं रक्त ते मालकाचंच" हे बोललेलं मला आठवतं. "माझ्या आईचं मीठ खाऊन" हेही. तळमजल्यापर्यंत सगळी दारं उघडली, तुझं तेवढं बंद राहिलं.

मग ईद आली. तू नेहमीप्रमाणे टोपलीत कहकच्या बिस्किटांची बशी ठेवलीस, वर साखर भुरभुरलेली. मी टोपली वर घेतली, बशी पाहिली आणि जशीच्या तशी खाली सोडली. भरलेली बशी परत. आपल्याकडे रिकामी बशी परत पाठवणारीला बाया वर्षभर नावं ठेवतात, भरलेली परत पाठवणारीला काय म्हणत असतील ते शहातालाच विचार.

दुसऱ्या दिवसापासून मी टोपली मागच्या बाजूला बांधली. स्वयंपाकघरामागचा तो उजेडाचा चौक, जिथं पाइप गळतात आणि मांजरं भांडतात. शहाताच्या पोऱ्यानं मागच्या दारानं यायचं, मी तिथून ओढायचं. पुढच्या झडपा मी लावून घेतल्या, तुझी खिडकी दिसायला नको म्हणून. फणकाऱ्यात माणूस किती हुशार होतं बघ.

पाच महिन्यांनी बहगतच्या वकिलानं कोर्टात कागद दिला: घर बंद असतं, झडपा लावलेल्या असतात, पूर्वी रोज टोपली सुटायची ती आता सुटत नाही, यावरून बाई इथं राहतच नाहीत. गल्लीतल्या चौघांनी सह्या केल्या होत्या आणि एकानंही खोटं लिहिलं नव्हतं. लमईंनी डोकं धरलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मागून बांधायला?" मी म्हटलं, "माझ्या रागानं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मालकाला जे इतके महिने जमलं नाही ते मी दोरीच्या एका गाठीत करून दिलं.

आणि तू कोर्टात काय म्हणालीस? न्यायाधीशांनी विचारलं, "टोपली खरंच सुटत नाही का?" तू म्हणालीस, "सुटते. मागून सुटते. सकाळी अकराला. मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी असते."

"रोज?"

"रोज."

"का?"

"ती काय खाते ते कळायला," म्हणालीस.

मी मागच्या बाकावर बसले होते, रतिबा. वर्षभर मी तुझ्याकडे पाठ फिरवून टोपली ओढत होते आणि तू खालून मोजत होतीस की आज रोटी एकच गेली, आज लिंबू नाही. याचे आभार कोणत्या कागदावर मानतात?

इन्शिराह


२९ मार्च १९९८

रतिबा,

तुझं उत्तर मिळालं.

माझंच पहिलं पत्र, लाल शाईनं तपासून परत. अठ्ठावीस वर्षं पोरींना शिकवलंस, निवृत्त झालीस तरी शाई संपली नाही वाटतं. सतरा चुका. शेवटी शेरा: "अक्षर सुधारले आहे. मुद्दा सोडून भरकटते." मी पोस्टमनसमोर हसले आणि मग दार लावून इतकी रडले की शेजारची विचारायला आली.

आणि जिथं मी लिहिलं होतं की आई गेली त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही, तिथं समासात एवढंच: "का?"

बाई, तुम्ही विचारलंत, आता लिहिते.

आईचं आणि माझं भांडण मिठावरून झालं. डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं आणि ती मोलोखियाच्या पातळ भाजीची वाटी माझ्या अंगावर ढकलून म्हणाली, "तू मला उपाशी मारायला परत आलीस. नवऱ्याला मारलंस, आता मला." तिचं डोकं तेव्हा ठिकाणावर नसायचं हे मला ठाऊक होतं. तरी मी पिशवी उचलली. तुझं दार वाजवून म्हटलं, "दोन दिवस नणंदेकडे जाते, बघशील ना?" तू म्हणालीस, "जा, झोप काढून ये."

दोन दिवसांचे नऊ झाले. लोकांना मी सांगत आले की नणंद आजारी होती. नणंद ठणठणीत होती. मी झोपत होते, रतिबा. समुद्राचं वारं यायचं, कोणी हाक मारायचं नाही, कोणाला उलटवून अंथरूण बदलायचं नाही. रोज सकाळी म्हणायची, आज जाते. दुपार झाली की म्हणायची, उद्या. ओळखपत्राच्या रांगेसारखंच. नवव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तुझा फोन खालच्या फार्मसीत आला.

मी पोचले तेव्हा तू तिला न्हाऊ घालायला बायका बोलावल्या होत्यास आणि सगळ्यांना सांगितलं होतंस, "इन्शिराह औषध आणायला गेलीय, येतेच आहे." माझ्यासाठी तू तेव्हा खोटं बोललीस. जन्मात पहिल्यांदा, माझ्या माहितीप्रमाणे. आणि त्याच दुपारी रडता रडता भावाला खरं सांगून बसलीस, कारण दुःखात माणूस भावाच्या गळ्यात पडतं. त्यानं ते जपून ठेवलं. यात तुझा काय दोष होता? मी तुला विचारलंसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं तू मला विकलंस.

लमईंशीही मी खोटं बोलले. "आई माझ्या मांडीवर गेली" असं सांगितलं, त्यांनी तसं लिहूनही दिलं. म्हणून बहगतनं तुला साक्षीला बोलावलं तेव्हा मला कळून चुकलं की आपण संपलो. तू खोटं बोलणार नाहीस हे मला माहीत होतं, आणि तू खोटं बोलावंस असं मला वाटत होतं. दोन्ही खरं.

त्याच्या वकिलानं विचारलं, "सित्त नफीसा वारल्या तेव्हा त्यांची मुलगी घरात होती का?"

तू म्हणालीस, "नव्हती."

"किती दिवसांपासून नव्हती?"

"नऊ."

लमईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. समोरचा वकील "बस, एवढंच" म्हणून खुर्ची ओढायला लागला आणि तू म्हणालीस, "माझं झालं नाही. मी सगळं खरं सांगायची शपथ घेतलीय, अर्धं सांगायची नाही."

बहगत मागून म्हणाला, "रतिबा, बस खाली."

न्यायाधीश म्हणाले, "त्यांना बोलू द्या."

मग तू जे बोललीस ते मला रोज रात्री पुन्हा ऐकू येतं. तू म्हणालीस, त्या नऊ दिवसांत मी रोज दोन वेळा वर जात होते. खोलीत इन्शिराहचं पायमशीन होतं आणि सुईखाली एक पोलकं होतं, एक बाही लागलेली, दुसरी टाचणीवर. मी केर काढायला मशीन सरकवायला गेले तर म्हातारीनं माझा हात धरला. म्हणाली, "हात लावू नकोस, सुई मोडेल. पोरीचं शिवण आहे. आली की पहिलं तेच विचारेल." रोज सकाळी मला विचारायची, "मशीनचा आवाज अजून नाही आला?"

आणि शेवटी न्यायाधीशांकडे बघून, वर्गात बोलतात तसं: "साहेब, घर सोडून गेलेली बाई शिवण अर्धं ठेवून जात नाही. ती बाहेर गेली होती. राहत इथंच होती."

निकालात ते शब्द आहेत. "तात्पुरती अनुपस्थिती" असं म्हटलंय, आणि "सुईखालील अपूर्ण शिवण" हेही. लमई म्हणतात, तीस वर्षांत त्यांनी निकालात सुई वाचली नव्हती.

लोकांना वाटतं तू मला घर मिळवून दिलंस. ते दिलंसच, त्याचं ऋण आहेच. पण सव्वा वर्ष मी असं धरून चालले होते की आई माझ्यावर रागावून गेली. ती माझी वाट बघत होती, माझ्या शिवणाला कोणाला हात लावू देत नव्हती, हे मला तुझ्या तोंडून भर कोर्टात कळलं. घर गेलं असतं आणि एवढंच मिळालं असतं तरी मी तुझे पाय धरले असते.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात बहगत तुला म्हणाला, "आजपासून माझ्या घरात तुझं काय आहे?" तू म्हणालीस, "दोरीवर दोन पायमोजे आहेत, तेवढे काढून घेते." मी खांबामागे होते. पुढे यायची मला लाज वाटली. ही माझी सगळ्यात मोठी चूक, लाल शाईनं खूण कर.

इन्शिराह


१४ एप्रिल १९९८

रतिबा,

भाचीच्या, म्हणजे तुझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या हातची ओळ मिळाली: "मावशी विचारते, मोलोखियात आता मीठ घालतेस का?" घालते. चिमूटभर.

बातम्या सांगते. अपिलाचे चाळीस दिवस संपले. बहगतनं अपील केलं नाही. लमई म्हणतात त्याला वकिलानं सल्ला दिला असेल. शहाता म्हणतो, "बहिणीला पुन्हा तोंड द्यायची त्याची छाती नाही." मला शहाताचं पटतं. परवा जिन्यात दिसला तेव्हा मी सलाम केला, त्यानं खाली बघून केला. कधीतरी निवळेल. तुझा भाऊ आहे, माझा नाही, मी जास्त बोलत नाही.

तुझं घर त्यानं नव्या कायद्यानं वर्षाच्या करारावर दिलंय, एका तरुण जोडप्याला. पोरगी चांगली आहे. तुझ्या खिडकीत तिनं तुळशीसारखी रैहानची कुंडी ठेवलीय. पण वर्षाअखेरीस बिचारी कुठं जाईल, कोणास ठाऊक.

मी आता हेच सारखं घोकत असते. मी परकी, तीन जिने चढून आलेली शिवणकामवाली, पण आईचा एक पिवळा कागद होता म्हणून कोर्ट माझ्या पाठीशी उभं राहिलं. तू त्याच घरात जन्मलीस. तुझ्या बापानं इमारत मुलाच्या नावे केली आणि तुला सांगितलं, "भाऊ आहे ना." तुझ्याकडे कागदच नव्हता. मला वाचवताना तुला हे ठाऊक होतं, हो ना? तिथं उभी राहून "माझं झालं नाही" म्हणतानाच ठाऊक होतं.

म्हणून मी काल लमईंकडे गेले. विचारलं, मैत्रिणीला घरात ठेवलं तर चालतं का? ते आधी दचकले. "भाड्यानं?" म्हटलं, नाही. मग त्यांनी समजावलं. भाडेकरूनं खोली भाड्यानं दिली तर ते पोटभाडं, मालक दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन घर काढून घेऊ शकतो. पण पाहुणी ठेवली तर कोणाला बोलता येत नाही. पाहुणी कितीही दिवस राहू दे, मोबदला म्हणून काही घ्यायचं नाही.

"काहीच नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"पुदिन्याची काडीसुद्धा?"

त्यांनी चष्मा पुसला. "काडी मी पाहिली नाही," म्हणाले.

तेव्हा अट नीट ऐक. तुझं पेन्शन तुझ्यापाशी ठेवायचं. टोपलीत वांगं टाकायचं नाही. वाद घातलास तर मी लमईंना बोलावीन. आईची खोली रंगवून घेतलीय, खिडकी पुढच्या बाजूला उघडते. टोपलीही पुन्हा पुढं बांधली, दोन आठवडे झाले. पहिल्या दिवशी सोडली तेव्हा गल्लीतल्या बायांनी वर बघून ललकारी दिली, लग्न असल्यासारखी.

ओळखपत्रही बदललं. रांगेत चार तास उभी होते. कारकुनानं विचारलं, "बारा वर्षं काय करत होता?" म्हटलं, "उन्हाळा सरायची वाट बघत होते."

येत्या सोमवारी वसंताचा सण, शम्म अन्-नसीम. खारवलेला मासा फसीख, कांद्याची पात, रंगवलेली अंडी आणि समुद्रावर चटई, दर वर्षीसारखं. तुझ्या मावसबहिणीला म्हणावं, सणाला जाऊन येते. परत यायचं की नाही ते तिला नंतर कळव.

आणि एक. निळं कापड आणलंय, तुला शोभेल असं, कॉलर नको म्हणतेस म्हणून बिनकॉलरचं. तुझा झगा शिवायला घेतला. पाठ झाली, डावी बाही लागली. उजवी टाचणीवर आहे. तसाच सुईखाली ठेवलाय आणि मशीनवर चादर टाकलीय. काल शेजारची केर काढायला मदत करायला आली, मशीन सरकवायला लागली, तर मी ओरडले, "हात लावू नकोस, रतिबाचं शिवण आहे."

तुझं शिवण इथं सुईखाली आहे, रतिबा. कोर्टानं लेखी दिलंय त्याचा अर्थ काय होतो ते तुला माहीत आहे. तू इथंच राहतेस. बाहेर गेली आहेस, एवढंच.

गळा कापायचा राहिलाय. त्याला माप लागतं.

इन्शिराह